ट्रस्टचा मिक्सर

देणगी कुणाला द्यायची हे ठरवण्याची एक निर्दोष पद्धत मी शोधून काढली आहे, असं मी गेल्या वर्षी आमच्या जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. ‘निर्दोष’ हा शब्द मी सहसा वापरत नाही. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत उभा जन्म काढल्यावर माणूस फार तर ‘दोष आढळला नाही’ एवढंच म्हणतो. पण त्या दिवशी मी चक्क निर्दोष म्हणाले, आणि वर टाळ्यांची वाट पाहिली.

टाळ्या वाजल्या नाहीत. अप्पा वर्तमानपत्र वाचत होते.

अप्पा म्हणजे माझे सासरे. त्यांचा स्प्रिंगांचा कारखाना होता. तो विकला तेव्हा त्यांनी मोठा वाटा बाजूला काढून एक ट्रस्ट केला. विश्वस्त चौघे: अप्पा, माझा नवरा, माझी नणंद आणि मी. ट्रस्टची कचेरी म्हणजे हेच जेवणाचं टेबल. सभा असली की फक्त मीठदाणी उचलायची. वर्षाला एकाच संस्थेला मदत करायची, पण अशी की तिचं काम मार्गी लागावं, हा अप्पांचा दंडक.

संस्था निवडायची कशी, याला मात्र दंडक नव्हता. सकाळी ज्याचा फोन पहिला येईल तो माणूस अप्पांना प्रामाणिक वाटायचा. अर्जाला कुत्र्याचा फोटो असला की नणंदेचे डोळे भरून यायचे, मग अर्ज दातांच्या दवाखान्याचा का असेना. आणि माझा नवरा शेवटी जो बोलेल त्याच्या बाजूचा. त्यामुळे सभेत कुणीच बोलणं संपवायला तयार नसायचं.

‘‘यापुढे आंधळी चाचणी,’’ मी म्हणाले. ‘‘अर्जांवरची नावं, पत्ते, फोटो सगळं मी झाकणार. प्रत्येकाला एक अक्षर देणार. निवडलेल्या संस्थेला आपण कोण ते न सांगता भेट द्यायची. एकेकट्याने जायचं आणि काय पाहिलं ते सभेपर्यंत एकमेकांना सांगायचं नाही. आणि शेवटचं, सर्वांत महत्त्वाचं. ज्याचा संस्थेशी कसलाही संबंध असेल, त्याने मत द्यायचं नाही.’’

‘‘कसलाही म्हणजे?’’ नणंदेने विचारलं.

‘‘कसलाही.’’

‘‘वहिनी, तू लग्न ठरवताना पण असंच केलं होतंस का गं?’’

‘‘नाही ना,’’ नवरा म्हणाला. ‘‘म्हणून तर मी निवडून आलो.’’

झाकलेल्या अर्जांतून, सगळ्यांच्या मते, एकच उरला: ‘ग’. लोकांनी टाकून दिलेल्या वस्तू दुरुस्त करून नव्याने संसार मांडणाऱ्यांना देणारी ही कार्यशाळा होती. शिवाय दारात कुणीही मोडकी वस्तू घेऊन आलं तरी ती दुरुस्त करून देत. त्यांची शेड मालकाने विकायला काढली होती. पुढच्या महिनाअखेरपर्यंत जागेचं ठरलं नाही, तर शेडबरोबर कामही बंद. अर्ज एवढाच होता, साधा, एकही विशेषण नसलेला. मला तो फार आवडला होता. पण मी पंच असल्यामुळे चेहरा कोरा ठेवला.

आता भेट. मोडकी वस्तू न्यायची, हे तर झालंच. पण कसलीही मोडकी वस्तू चालणार नव्हती. प्रयोगशाळेत यंत्राची परीक्षा घ्यायची तर आपण आधी ज्ञात नमुना बनवतो. त्यात काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं. यंत्राला ते सापडतं का, एवढंच बघायचं असतं. मी आमचा मिक्सर उलटा केला, तळाचे स्क्रू काढले, स्विचकडे जाणारी काळी वायर सोडवली आणि स्क्रू पुन्हा बसवले. बाहेरून बघणाऱ्याला मिक्सर अगदी गुणी दिसत होता.

दोष मला ठाऊक असल्यामुळे मी स्वतः जाणार नव्हते. पहिले गेले अप्पा. जेवायच्या आत येतो म्हणाले आणि दिवे लागायला आले. मिक्सर उत्तम चालत होता. अप्पांच्या बोटांना तेल लागलं होतं, आणि कारखाना विकल्यापासून जो माणूस खुर्चीत बसून भिंतीवरच्या घड्याळाला नुसता किल्ली द्यायचा, तो शीळ घालत होता.

‘‘कशी काय झाली भेट?’’

‘‘सांगायचं नाही असं तूच म्हणालीस.’’

‘‘हो, पण इतका उशीर?’’

‘‘तेही भेटीतच येतं,’’ अप्पा म्हणाले आणि साबण शोधायला गेले.

मी मिक्सर उघडून तीच वायर पुन्हा सोडवली. नमुना एकच असला पाहिजे. नाहीतर तुलना कशी करणार? मग नणंदेला पाठवलं. ती मिक्सर घेऊन परत आली तेव्हा तिच्या केसांत धातूचा कीस होता. मी परत वायर सोडवली आणि नवऱ्याला पाठवलं. तोही परत आला, मिक्सरही परत आला. नणंद काय, नवरा काय, दोघांनी येऊन माझ्याकडे पाहिलं, ते मात्र जरा विचित्र.

‘‘तुला काही बोलायचंय का माझ्याशी?’’ नवऱ्याने हळूच विचारलं.

‘‘कशाबद्दल?’’

‘‘असंच. मोकळं वाटेल.’’

दुसऱ्या दिवशी नणंद लाकडी ठोकळ्यांचं एक कोडं घेऊन आली. ‘‘वहिनी, हे उघडायचं आणि जोडायचं. हात गुंतलेले राहतात.’’

‘‘माझे हात रिकामे कुठे आहेत?’’

‘‘तेच तर,’’ ती म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली.

पुढचे काही आठवडे घरात आणखीही बदल दिसू लागले. न्हाणीघराचं दार कुरकुरायचं थांबलं. इस्त्री पुन्हा तापू लागली. टेबलाचा डगमगणारा पाय डगमगेना. मी नीट विचार केला आणि हवेतला दमटपणा कमी झाला असावा असा निष्कर्ष काढला. अप्पा रोज सकाळी फिरायला जाऊ लागले. नवरा शनिवारी दुपारी मित्राकडे. नणंद बुधवारी योगासनांना. तिघंही परत यायचे तेव्हा यंत्राच्या तेलाचा वास यायचा. नणंदेला विचारलं तर म्हणाली, चटईला येतो.

मी शास्त्र शिकलेली बाई आहे. डोळ्यांपुढे एवढी निरीक्षणं असून मला एकही गोष्ट कळली नाही, हे मी इथे नोंदवून ठेवते.

सभेचा रविवार उजाडला. मीठदाणी उचलली. ‘ग’ संस्थेच्या प्रमुखांना मी अकराला बोलावलं होतं. त्या येण्याआधी निरीक्षणं मांडायची, असं ठरलं होतं. मिक्सर पुरावा म्हणून मधोमध ठेवला होता.

‘‘अप्पा, तुम्ही आधी.’’

अप्पांनी घसा साफ केला. ‘‘मला मत देता येणार नाही. माझा संबंध आहे.’’

‘‘कसला संबंध?’’

‘‘मी तिथे सकाळी काम करतो. त्या दिवशी मिक्सर दिला, तर एक पोरगेला माणूस तो चुकीच्या बाजूने उघडायला लागला. मला बघवेना. म्हटलं, आण इकडे. मग त्यांच्याकडे एक शिलाई मशीन पडलं होतं. मग एक चाकाची खुर्ची. तिची स्प्रिंग, सूनबाई, आमच्याच कारखान्यातली निघाली. आता ती मी दुसऱ्याच्या हातात देऊ?’’

मी काही बोलणार तोच नणंदेने हात वर केला. ‘‘मलाही देता येणार नाही. मी बुधवारी तिथे पंख्यांची पाती घासते.’’

‘‘आणि योगासनं?’’

‘‘पाती घासताना वाकावं लागतंच की.’’

मी नवऱ्याकडे वळले. तो मिक्सरकडे बघत होता.

‘‘शनिवार,’’ तो म्हणाला. ‘‘इस्त्र्या.’’

तिघं एकमेकांकडे बघत बसले. मग अप्पा लेकीला म्हणाले, ‘‘म्हणजे तो निळा पंखा तू घासलास? एक पातं उलटं लावलंयस.’’

‘‘म्हणून वारा वर जातो होय? मला वाटलं तशीच पद्धत असेल.’’

मी मात्र मोजत होते. चार विश्वस्तांपैकी तिघं बाद. उरले मी, जिचा संस्थेशी खरोखरच काही संबंध नव्हता. तिथे मी पाऊलही टाकलं नव्हतं. ठीक आहे, मी मनाशी म्हटलं. एक मत तर एक मत. पद्धत अजून उभी आहे. निदान टेकून तरी उभी आहे.

तेवढ्यात बेल वाजली.

‘ग’च्या प्रमुख म्हणजे एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई. तंत्रशाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून तिथे सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. त्या आत आल्या आणि टेबलाकडे बघून दारातच थांबल्या.

‘‘अप्पा? तुम्ही इथे कसे? आणि तुम्ही दोघंही?’’ मग त्यांची नजर मधोमध ठेवलेल्या मिक्सरवर गेली आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. ‘‘अगंबाई, परत उघडला का त्यांनी?’’

‘‘कुणी?’’ मी विचारलं.

‘‘यांची सून हो. फार वाईट वाटतं. तोच मिक्सर, तीच वायर, तीन वेळा. आम्ही प्रत्येक वेळी विचारलं, हे करतं कोण? तर अप्पा म्हणाले, सून. का करते? तर म्हणाले, तिलाच ठाऊक. यांनी सांगितलं, वहिनी. यांनी सांगितलं, बायको. डॉक्टरांना दाखवलंत का म्हटलं, तर म्हणे ती स्वतः शास्त्रज्ञ आहे, कुणाचं ऐकत नाही.’’

मी तिघांकडे पाहिलं. तिघांनी छताकडे पाहिलं.

‘‘खोटं एक अक्षर बोललो नाही आम्ही,’’ नवरा म्हणाला. ‘‘आणि खरं सांगायला तू बंदी घातली होतीस.’’

‘‘मग मला ते मोकळं व्हायला का सांगत होतास?’’

‘‘अगं, बाई इतक्या कळकळीने बोलत होत्या, की मलाही वाटायला लागलं.’’

‘‘कोडं मी त्यांच्याच सांगण्यावरून आणलं,’’ नणंद म्हणाली.

मास्तरीणबाई माझ्याकडे निरखून बघू लागल्या. मग सावकाश माझ्याशेजारच्या खुर्चीत बसल्या आणि माझा हात हातात घेतला. ‘‘तुम्हीच का त्या? अहो, संकोच करू नका. आम्ही तुमच्यासाठी खिडकीपाशी एक टेबल राखून ठेवलंय. जे उघडावंसं वाटेल ते तिथे येऊन उघडायचं. घरातलं नाही.’’

हे ऐकून नवऱ्याने कपाळाला हात लावला. ‘‘गेलं,’’ तो म्हणाला. ‘‘हिच्यासाठी टेबल राखलंय. म्हणजे हिचाही संबंध आला.’’

आला होता खरा. नियम माझा, शब्द माझे: कसलाही संबंध. मत द्यायला आता घरात एकही माणूस उरला नव्हता.

मी मास्तरीणबाईंना सगळं सांगितलं. ट्रस्ट, अक्षरं, ज्ञात नमुना, वायर. त्यांनी मिक्सर उलटा करून तळाचे स्क्रू पाहिले. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

‘‘म्हणजे आम्ही तीनदा पास झालो?’’

‘‘तीनदा.’’

‘‘आणि तरी मदत मिळणार नाही?’’

‘‘नियमाप्रमाणे,’’ मी म्हणाले.

‘‘बरं,’’ त्या उठत म्हणाल्या. ‘‘मंगळवारी शेड रिकामी करायची आहे. स्क्रूच्या बरण्या बांधून झाल्यात. अप्पा, ती चाकाची खुर्ची तेवढी घेऊन जाल का तुमच्याकडे? अर्धी उघडलेली आहे, दुसऱ्या कुणाला जमणार नाही.’’

अप्पांनी बोटं टेबलाखाली घेतली, जशी खुर्चीत बसून घड्याळाकडे बघताना घ्यायचे. ते दृश्य मला बघवलं नाही. ह्या वेळी मी निष्कर्ष काढायला उशीर केला नाही.

‘‘बसा हो बाई,’’ मी म्हणाले. ‘‘अप्पा, हे कुठेतरी चुकतंय.’’

‘‘मग बसलीस काय,’’ अप्पा म्हणाले. ‘‘तुझाच नियम ना? उघड आणि बघ.’’

उघडून पाहिलं. दोष त्या शेवटच्या, सर्वांत महत्त्वाच्या नियमातच होता, आणि इतका साधा, की प्रयोगशाळेत कुणी दाखवला असता तर मी त्या दिवशी डबा खाल्ला नसता. ओळखीचा माणूस पक्षपात करील म्हणून मी ओळख असलेल्या सगळ्यांना बाद केलं होतं. म्हणजे ज्यांना संस्थेबद्दल काही ठाऊक आहे त्यांनी गप्प बसायचं, आणि ज्यांना काहीच ठाऊक नाही त्यांनी ठरवायचं. ओळखीचं असं आहे, की ती आधीपासून असली तर वशिला. पण तपासायला जाऊन झाली, तर तोच अहवाल.

‘‘दुरुस्ती सुचवते,’’ मी म्हणाले. ‘‘ज्याने संस्थेत स्वतः जाऊन काम पाहिलेलं नाही, त्याने मत द्यायचं नाही.’’

‘‘अनुमोदन,’’ तिघं एका दमात म्हणाले. आमच्या ट्रस्टच्या इतिहासात हे प्रथमच घडलं.

‘‘तर मग ‘ग’ला मदत करावी असं माझं मत—’’

‘‘वहिनी,’’ नणंदेने मला थांबवलं. ‘‘तू कधी गेलीयस तिथे?’’

नव्या नियमाप्रमाणे घरात एकच माणूस मत द्यायला अपात्र होता.

तिघांनी हात वर केले. अप्पांनी दोन्ही केले; ते एकच मत मोजलं. मास्तरीणबाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला, माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, ‘‘आमचीही एक अट आहे. यांनी आठवड्यातून एकदा यायचं.’’

नवी जागा मोठी आहे, उजेड भरपूर आहे. अप्पांची चाकाची खुर्ची दुरुस्त होऊन गेलीसुद्धा. आता ते दुसरी मिळावी म्हणून वाट बघत असतात. मी दर गुरुवारी जाते. मिक्सरचा प्रयोग होता हे मी तिथे प्रत्येकाला स्वतंत्रपणे समजावून सांगितलं आहे, आणि प्रत्येकाने ‘हो हो, कळलं’ म्हणून मान डोलावली आहे. आमच्या मिक्सरचा तळ त्यांनी रिव्हेट मारून कायमचा बंद करून दिला, तेही फुकट. खिडकीपाशी माझं स्वतःचं टेबल आहे. उत्तम टेबल आहे. फक्त एवढंच, की चालू स्थितीतली कुठलीही वस्तू माझ्या हाताला लागेल अशी कुणी ठेवत नाही.