सम्मक्काच्या बदली नदी

यंदा मिरची तोडायला सम्मक्काच्या बदली नदी गेली, आणि स्थलांतराच्या वहीत ती नोंद करायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. ग्रामपंचायतीत शिपाई मी एकटाच.

आमच्या गावच्या बाया दरवर्षी माघात नदी ओलांडून तेलंगणात मिरची तोडायला जातात. पलीकडे मुकादमाची गाडी उभी असते. वीस जणी भरल्याशिवाय ती हलत नाही. जिला जमत नसेल तिनं गावातलीच बदली द्यायची, अशी रीत आहे. सम्मक्काची पोर दहा महिन्यांची, त्यात नुकती तापातून उठलेली.

"लेकराले सोडून नाही जात जी," सम्मक्का म्हणाली. बदली जायला कोणी तयार होईना. तेव्हा नदी म्हणाली, "मी जाते."

"गावातलीच लागते," मी म्हटलं. "तू निम्मी त्या राज्यात आहेस."

"निम्मी तर इथं आहे ना जी?"

"लिहा हो लवकर," मुकादम खेकसला. "हात चालतात ना तिचे? बस झालं."

मी लिहिलं. शेवटचा रकाना असतो, मागे घरी कोण. नदी म्हणाली, "सगळं गाव." एवढ्याशा रकान्यात सगळं गाव कसं बसवायचं, हे मला कोणी सांगत नाही.

वीसही जणी कोरड्या वाळूवरून पलीकडे गेल्या. सगळ्यात मागे नदी, डोक्यावर गाठोडं घेऊन.

दुसऱ्याच दिवशी गाव माझ्या उरावर बसलं. पाणी नाही, मासळी नाही, चौकीवाले विचारतात हद्द कुठून धरायची. जसं काही मीच तिला पाठवलं! शेवटी वैतागून मी सभेत विचारलं, "बोलावतो नदीला. तिच्या जागी कोण जाते?"

सगळे आपापल्या चपला शोधू लागले. सम्मक्का उठली आणि कडेवरची पोर सासूकडे देऊ लागली. पोरीनं टाहो फोडला.

"बस खाली," सरपंचबाई ओरडल्या. "वाळूत खड्डे खणून पाणी पिऊ."

चैत्र सरता सरता नदी परतली. मिरचीनं हात सोलवटलेले. मी वही घेऊन काठावर हजर होतो. पात्रात मधोमध सम्मक्काची पोर एकटी उभी होती, आणि जरा पलीकडे हात पसरून सम्मक्का.

"उचल तिला!" मी ओरडलो. "नदीला आत जायचंय, मला वेळ लिहायचीय."

"थांबा जी," नदी म्हणाली आणि गाठोडं ठेवून काठावरच बसली. "पहिल्यांदाच चालून राहिली."

पोर तीन पावलं चालली, पडली, परत उठली. मी वही उघडी धरून ताटकळत राहिलो.

वहीत नदी परतल्याची वेळ संध्याकाळी सहा अशी आहे. आली होती ती दुपारीच.