पियानो कोण वाजवतं?

वीस वर्षांच्या संसारात मी कधी मनातलं बोललो नाही, ही लॉर्नाची तक्रार. ती मी एका वीकेंडमध्ये कायमची मिटवणार होतो. कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यातलं झकास रिसॉर्ट, द्राक्षमळ्याकडे उघडणारी खोली आणि शनिवारी सकाळी दोघांसाठी गरम चिखलाचं स्नान! फ्रेस्नोत माझं फरशांचं दुकान आहे. फरशी काय आणि प्रेम काय, खालचा थर नीट बसला की वरचं आपोआप बसतं, असं माझं ठाम मत होतं.

बोलायचं ते गाडी चालवतानाच घोकून ठेवलं होतं.

आम्हाला शेजारशेजारच्या टबांत गळ्यापर्यंत चिखलात पुरलं. डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवल्या, कानांवरून टॉवेल गुंडाळला. मी बराच वेळ धीर गोळा केला.

"संध्याकाळी तू पियानो वाजवत असतेस ना," मी म्हणालो, "तेव्हा मी दुकानातून आलेला असतो. पण दाराबाहेरच उभा राहतो. मला बघून तू थांबशील, अशी भीती वाटते."

शेजारून हुंदका आला. मग मी रंगातच आलो. तिचे केस, तिचं हसणं, काही सोडलं नाही. शेवटी कुणीतरी जोरात नाक ओढलं आणि एक भरदार पुरुषी आवाज म्हणाला, "फार सुंदर, साहेब. हे पॅकेजमध्येच असतं का?"

मान झटकून काकड्या पाडल्या. शेजारच्या चिखलातून दोन जाडजूड मिशा वर आल्या होत्या. उष्णता सोसेना म्हणून लॉर्ना केव्हाच उठून गेली होती आणि तिच्या जागी रिसॉर्टवाल्यांनी पुढचं गिऱ्हाईक पुरलं होतं. हे ओक्लाहोमाचे बर्ल हॅस्किन्स. पाठदुखीसाठी आले होते.

दुपारी मळ्यातल्या जेवणाला मी लॉर्नाशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणार, तेवढ्यात शेजारच्या टेबलावर बर्लनी त्यांच्या बायकोचा, ओपलचा, हात हातात घेतला आणि माझं भाषण सुरू केलं. शब्दन् शब्द.

लॉर्नानं मला चिमटा काढला. "ऐक. असं बोलतात."

ओपलचा चेहरा मात्र उतरत चालला होता. "बर्ल," ती म्हणाली, "आपल्याकडे पियानो नाहीये."

बर्लनी तिचा हात सोडला.

"कोण वाजवतं पियानो?"

उत्तर यायच्या आत लाल वाइनचा अख्खा ग्लास त्यांच्या पांढऱ्या शर्टावर रिकामा झाला. घाबरून त्यांनी आमच्याकडे बोट केलं. "ह्यांची बायको वाजवते!"

झालं. सगळं हॉटेल लॉर्नाकडे बघायला लागलं. ओपलनं दुसरा ग्लास उचलला. मी मध्ये उभा राहिलो आणि तो मला मिळाला. हनुवटीवरून वाइन ठिबकत असतानाच मी चिखलात घडलेलं सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता ओपल हसू लागली आणि आपल्याच रुमालानं बर्लचा शर्ट पुसायला लागली.

लॉर्ना हसली नाही. ती माझ्या भुवया टिपत होती. "खरंच दाराबाहेर उभा असतोस?"

"असतो."

"मी थांबेन म्हणून?"

तिचे डोळे भरून आले होते. इथं नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण सकाळपासून मनातलं बोलायची सवय लागली होती.

"ते तर आहेच," मी म्हणालो. "शिवाय आत आलो की तू कुत्र्याला फिरवायला पाठवतेस."

तिसरा ग्लास लॉर्नाचा होता.