उजव्या पंखाबाबत

मडकं वाजवून घ्यावं.

निलंग्याची बस साडेदहाला लागते. अकराला लागली तरी ती साडेदहाचीच.

विमानतळाच्या आवारात जमिनीवर नारळ फोडण्यास सक्त मनाई आहे.

प्रसादाचं खोबरं एकशे दहा जणांना पुरलं नाही.

वरील चारही नोंदी एकाच चौकशी अहवालातल्या आहेत. (अहवाल उपलब्ध नाही. मागणीचा अर्ज उपलब्ध आहे.)

मोडणारी वस्तू मोडण्याआधी आवाज करते, आणि आवाज करणाऱ्याला गप्प बसवणं हे सुव्यवस्थेचं पहिलं लक्षण आहे. आमची लातूर–नांदेड विमानसेवा या तत्त्वावर उडते. नऊ आसनं, पंचवीस मिनिटांचं उड्डाण, त्याआधी दोन तास हजेरी. या विमानाचे पंख धातूचे नाहीत. धाग्यांचे थर एकावर एक चिकटवून केलेले आहेत. अशा पंखाला मार बसला तर वर ओरखडा दिसत नाही. आतले थर मात्र सुटतात, आणि दर उड्डाणाला आणखी सुटत जातात. म्हणून पंखात सेन्सर आहेत. हवेत असताना थर सुटला की पायलटपुढे ‘टिंग’ वाजतं.

पहिल्याच महिन्यात उजवा पंख ३८१ वेळा वाजला. डावा एकदाही नाही. कंपनीने तत्परतेने डाव्या पंखाचं अभिनंदन केलं.

मग ‘टिंग’च्या जागी सनई बसवली. प्रवाशांना मंगल वाटू लागलं. तक्रारी ९४ टक्क्यांनी घटल्या. (उरलेले सहा टक्के वाजंत्रीवाले होते. त्यांचं म्हणणं, सूर चुकतो.)

एवढं होऊनही सबिहा नावाच्या देखभाल अभियंता बाईंनी सोमवारी सकाळी पेनाचं टोपण काढलं नाही. त्यांच्या सहीशिवाय विमान उडत नाही, ही नियमातली जुनी त्रुटी आहे.

“अप्पा, उजवा पंख आतून सुटून राहिलाय. मी सही करणार न्हाई.”

“दिसतंय का कुठं?” संचालक उमाशंकरअप्पांनी विचारलं.

“न्हाई.”

“हाताला लागतंय?”

“न्हाई.”

“मग झालं की! लई शिकलं की असं होतंय बघा, सबिहाताई. आज माझी अव्वा बसणार हाय त्याच्यात. मी काय येडा हाय?”

अप्पांनी हैदराबादच्या एका अभियंत्याला फोन लावला. त्याची सही चार मिनिटांत मोबाईलवर आली. विमान न पाहता तपासण्याचा हा मराठवाड्यातला उच्चांक असावा.

आठ प्रवासी चढले. नवव्या गुरम्मा, अप्पांच्या मातोश्री, वय अठ्ठ्याहत्तर. त्या उजव्या पंखापाशी थांबल्या आणि सवयीने बोटाच्या पेराने ठोकत पुढे सरकल्या. टण्. टण्. टण्. थप्प.

“उमा, हे कुणी घेतलं रे? तडकलंय.”

“अव्वा, ते मडकं न्हाई, विमान हाय.”

“दिसतंय मला. पाण्याचं मडकं घ्यायला धा दुकानं हिंडतोस, वाजवून वाजवून कुंभाराचं डोकं उठवतोस. ह्याच्यात आईला घालतोस, ते वाजवलास का?”

हेच सबिहाबाई महिनाभर लेखी बोलत होत्या.

गुरम्मांनी चपला काढल्या आणि विमानाच्या पायरीवर मांडी घातली. संचालकांच्या मातोश्रींना उचलण्याची तरतूद नियमावलीत नसल्याने उड्डाण रद्द झालं. उतरलेल्या आठही प्रवाशांनी गुरम्मांविरुद्ध विलंबाची तक्रार नोंदवली आणि ते एस.टी.ने सुखरूप पोहोचले.

पंख उघडला. दोन हात लांबीचे थर सुटले होते. आणखी फार तर तीन-चार उड्डाणं, असं तज्ज्ञ म्हणाले. (तज्ज्ञांना पुन्हा बोलावण्यात आलेलं नाही.)

मार कशाचा, हे शोधायला समिती नेमली. संशयित : गारा, एक घार, भोकरकडची वानरं. पुरावा कुणाविरुद्धच मिळाला नाही. वानरांची माफी मागण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे. गुरम्मांची साक्ष घेतली नाही. त्यांच्याकडे पदवी नाही. सबिहाबाईंची घेतली नाही, त्यांच्याकडे आहे.

नवं विमान आलं आहे. येत्या रविवारी उद्घाटन. आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे; मागच्या वेळीही आपण अगदी पुढे उभे होतात.

निलंग्याच्या बसने आलेला पहिल्या विमानाचा नारळ अप्पांनी सकाळी अकरा बेचाळीसला उजव्या पंखावर फोडला, आणि पहिली टाळी आपली होती.