आता आभार लालासाहेब मानतील

सकाळी आठ वाजता लालासाहेबांनी जाकिटाच्या उजव्या खिशात टेंबरवाडीची चिठ्ठी घातली, डाव्या खिशात कुसरगावची घातली आणि दोन्ही खिसे थोपटून बायकोला दाखवले.

"उजवा सकाळचा, डावा सांजचा. आज चुकायचं न्हाई."

"चुकायला त्यात हाय काय?" शालूबाई म्हणाल्या. "आभारच तर मानायचं हायत."

ते खरंच होतं. घराणं मोठं होतं. आजोबा लोकल बोर्डात होते, वडील आमदार होते, वडलांच्या मागं थोरले भाऊ नाथाजीराव आमदार झाले. घरात भाषण करणारे इतके, की धाकट्या लालासाहेबांच्या वाट्याला नुसते आभार उरले. गेली अकरा वर्षं तालुक्यातल्या प्रत्येक सभेच्या शेवटी "आता आभार लालासाहेब मानतील" असं कुणीतरी पुकारायचं आणि लोक वहाणा शोधायला उठायचे. पण हा गडी आभार मनापासून मानायचा. कर्णेवाल्याचे मानायचा, सतरंज्या घालणाऱ्यांचे मानायचा, एकदा तर पाऊस न आल्याबद्दल ढगांचेही मानले होते. नावं मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत. म्हणून चिठ्ठीत नुसते हुद्दे लिहायचे आणि नाव ऐनवेळी शेजारच्याला विचारायचं, अशी त्यांची पद्धत होती.

साल बासष्ट. जिल्हा परिषदा नव्यानं निघत होत्या. शिराळ्याकडच्या गटातून घरातलाच माणूस उभा करायचा हे ठरलं होतं, कोण ते ठरलं नव्हतं. एक लालासाहेब होते आणि दुसरे नाथाजीरावांचे मेहुणे सयाजीराव, जे कशावरही दीड तास बोलू शकत. आजच्या दोन सभा बघून नाथाजीराव नाव नक्की करणार होते. लालासाहेबांना ते तिकीट फार हवं होतं. सभेच्या सुरुवातीला आपलं नाव एकदा तरी घेतलं जावं, एवढीच त्या बिचाऱ्याची हौस होती.

जीप टेंबरवाडीच्या ओढ्यापर्यंत गेली आणि थांबली. ओढ्यावरच्या फरशीपुलावर उसानं भरलेली बैलगाडी आस मोडून आडवी झाली होती.

"मागं घे, जालिंदर," नाथाजीराव ड्रायव्हरला म्हणाले. "आदी कुसरगावला जाऊ. टेंबरवाडी सांजच्याला."

जालिंदरनं जीप वळवली. गावांची अदलाबदल झाली. खिशांचीही करायला हवी हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

कुसरगावात सोसायटीच्या गोदामाचं उद्घाटन होतं. नाथाजीराव पाऊण तास बोलले, सयाजीराव दीड तास बोलले. मग लोक वहाणा शोधायला लागले आणि लालासाहेबांनी उजव्या खिशात हात घातला.

"प्रथम, सोसायटीचे चेअरमन..." त्यांनी शेजारच्या मास्तरांकडं पाहिलं.

"हिंदुराव," मास्तर कुजबुजले.

"हिंदुरावांनी गावच्या शाळेसाठी रस्त्याकडची दहा गुंठे जमीन दिली, त्याबद्दल मी त्यांचा अत्यंत आभारी आहे."

उठलेले लोक होते तिथंच थांबले. बांधावरच्या बाभळीची सावली शेजाऱ्याच्या रानात पडते म्हणून हिंदुरावांनी ती बाभळ तोडली होती. तो माणूस जमीन देतोय म्हटल्यावर थांबावं लागतंच. मास्तरांची शाळा नऊ वर्षं देवळाच्या ओवरीत भरत होती. त्यांनी खरंखोटं करण्यात वेळ घालवला नाही. टेबलावरचा हार उचलला आणि हिंदुरावांच्या गळ्यात घातला.

"आवं, पर मी कवा..." हिंदुराव उठून म्हणाले. पुढचं टाळ्यांत ऐकू आलं नाही.

लालासाहेबांना वाटलं, विनय आहे. ते पुढं वाचू लागले. "तसंच चेअरमनसाहेबांच्या मातोश्री. त्यांनी मळ्यातली विहीर सगळ्या गावाला, बौद्ध वस्तीसकट, खुली केली. वस्तीतल्या बायकांची अर्ध्या कोसाची पायपीट वाचली. आई, मी तुम्हाला हात जोडतो."

आणि त्यांनी खरोखर हात जोडले.

या खेपेला टाळ्या पडल्या नाहीत. सगळी सभा बायकांच्या बाजूला बघू लागली. तिथं हिंदुरावांच्या आई बनुबाई बसल्या होत्या. सत्तर वर्षांत त्यांनी हजारो भाकरी थापल्या होत्या, सहा बाळंतपणं काढली होती, मळा राखला होता, आणि आजवर एका माणसानं त्यांचे आभार मानले नव्हते. आज आमदारांचा भाऊ भरल्या डोळ्यांनी हात जोडून उभा होता. बनुबाई पदर सावरत उठल्या.

हिंदुरावही उठले. "आई, ह्यो समदा घोटाळा हाय. आपुन कुटं हिर..."

"बस खाली," बनुबाई म्हणाल्या.

हिंदुराव बसले.

"व्हय. दिली हिर," बनुबाई सभेला म्हणाल्या. "जमीन बी दिली."

मागं बौद्ध वस्तीतली माणसं उभी होती. त्यांतली हरणाबाई पुढं आली आणि सरळ विचारती झाली, "मग पाण्याला कवा येऊ आमी?"

"आत्ता ये. मी बी मळ्याकडंच निगालीया. आन उद्यापास्नं इचारत बसू नगंस."

हरणाबाई तिथूनच घागर आणायला वळली. मग जी टाळी पडली, ती नाथाजीरावांच्या भाषणाला पडली नव्हती.

जीपजवळ येईपर्यंत नाथाजीरावांना चिठ्ठीचा उलगडा झाला होता. "दुसऱ्याची जमीन वाटलीस, दुसऱ्याची हिर वाटलीस. सोसायटीची सारी मतं त्या हिंदुरावाच्या हातात हायत. तिकीट सयाजीरावांना. सांजच्याला चिठ्ठी तेवढी वाच, एक शब्द जादा बोलू नगंस."

"बरं, दादा," लालासाहेब म्हणाले.

एवढ्यात हार गळ्यात तसाच ठेवून हिंदुराव आले आणि न विचारता जीपमध्ये मागं चढून बसले.

"मी बी येतो टेंबरवाडीला," ते म्हणाले. "बगतो तितं कुणाकुणाचं काय वाटतायसा."

ओढ्यावरची गाडी निघाली होती. अलीकडं हिंदुरावांच्या मळ्यातल्या विहिरीवर पाच-सहा घागरी दिसत होत्या आणि काठावर उभ्या राहून बनुबाई हरणाबाईला रहाटाची खोड समजावून सांगत होत्या. हिंदुरावांनी मान वळवून ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं. हार काही काढला नाही.

टेंबरवाडीत लालासाहेबांनी तीच चिठ्ठी वाचली. इथले चेअरमन केरबा. त्यांनी जमीन खरीच दिली होती, त्यांच्या आईनं विहीर खरीच खुली केली होती. सगळं जिथल्या तिथं झालं. चिठ्ठी संपली. लालासाहेबांनी ती उलटी केली. मागची बाजू कोरी होती.

"शेवटचे आभार," ते कोऱ्या कागदाकडं बघत म्हणाले, "माझ्या थोरल्या भावाचे. अकरा वर्षं सगळ्यांचे मानले, ह्यांचे राहूनच गेले. मी नऊ वर्षांचा असताना वडील गेले. दादांनी मला पाचगणीच्या शाळेत घातलं. तिथनं मी पळून आलो तर मारलं नाही, आधी जेवायला वाढलं. अजून माझं ताट वाढल्याशिवाय ते घास घेत नाहीत." ते नाथाजीरावांकडं वळले. "आणि आज जिल्हा परिषदेची उमेदवारी माझ्यासारख्या, धड भाषण न येणाऱ्या माणसाला दिली. दादा, मी तुमचा फार आभारी आहे."

त्यांनी हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं. केरबांनी टेबलावरचा हार उचलला आणि नाथाजीरावांच्या गळ्यात घातला. टाळ्यांनी मांडव हलला. सयाजीरावांचेही दोन्ही हात सवयीनं वाजत होते.

नाथाजीरावांनी डोळे पुसले. मग त्यांना आपण काय ऐकलं ते कळलं आणि ते लगबगीनं उठले.

"मंडळी, एक मिनिट. मी कवा..."

मागून त्यांच्या खांद्यावर एक हात पडला. हिंदुराव होते, आपला हार नीट करत.

"बसा खाली, आमदारसायेब," ते म्हणाले. "सकाळी मी बी बसलो."