कायमचा कारभारी

एका कामाला पाच जण लावले, की आधी त्यांच्यातला कारभारी ठरवावा लागतो. काम त्यानंतर, वेळ उरल्यास. माणसांच्या बाबतीत हे सत्य आपल्याकडं फार जुनं आहे. यंत्रांच्या बाबतीत ते अलीकडं लागू झालं आणि त्यात लातूर जिल्ह्यातल्या मुरूडच्या दामिनीचा थोडा हात आहे.

दामिनी ही शिवप्पांची थोरली मुलगी. पुण्यातली नोकरी सोडून ती मुरूडला परत आली आणि वडिलांच्या सरकी-पेंडीच्या दुकानावरच्या खोलीत बसून संगणकाचं काम करू लागली. (नोकरी का सोडली, हे गावानं तिला न विचारता आपसात ठरवून टाकलं होतं. तिला तसदी दिली नाही.) तिचं काम समजायला अवघड नाही. पूर्वी एखादा प्रोग्रॅम एका यंत्रावर नीट चाले आणि दुसऱ्यावर नेला की नव्या सुनेसारखा रुसून बसे. म्हणून जगानं युक्ती काढली, की प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं, अगदी मीठ-मसाल्यासकट, एका डब्यात भरायचं. त्याला कंटेनर म्हणायचं. डबा मुरूडला उघडा नाहीतर मेक्सिकोला, भाजीची चव तीच. पुढं असे डबे उदंड झाले. ते गावोगावच्या यंत्रांवर बसून एकच काम वाटून करू लागले आणि त्यांच्यात तंटे सुरू झाले. कधी एकच हुकूम दोघं देत, कधी कुणीच देत नसे.

या तंट्यावर दामिनीनं 'कारभारी' नावाचा एक छोटा भाग लिहिला. त्यात सगळी यंत्रं एकमेकांना घडीघडीला 'हाय का?' म्हणून विचारतात. निम्म्याहून जास्त यंत्रं ज्याच्या बाजूनं, तो कारभारी. त्यानं ओ देणं थांबवलं, की उरलेले दुसरा निवडतात. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं. त्यात फ्लेक्स नसतात, गुलाल नसतो आणि पडलेल्याची समजूत काढायला कुणाला जावं लागत नाही. हा भाग तिनं इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघड्यावर ठेवला होता. कुणीही न्यावा, वापरावा, बदलावा, हवं तर मोडावा. परवानगीचा कागदही तिनं स्वतःच लिहून सोबत जोडला होता.

"म्हणजे गिऱ्हाईक कोण?" शिवप्पांनी एकदा विचारलं.

"सगळे."

"आन् देतात काय?"

"सूचना."

शिवप्पांनी पेंडीच्या पोत्यावर हात फिरवत विचार केला. "मग ते दुकान न्हाई, पोरी. धर्मशाळा हाय ती."

"अप्पा, धर्मशाळेतनं जाताना लोक निदान झाडून तरी जातात."

सूचना खरोखरच जगभरातून येत. त्यांचे ढोबळमानानं तीन प्रकार होते. पहिला, 'तुमचं काम अप्रतिम आहे, पण.' दुसरा, 'आमची मोठी कंपनी तुमच्यावर अवलंबून आहे, तरी उद्यापर्यंत दुरुस्त करून द्यावे.' तिसरा प्रकार नुसत्या लाल बदामांच्या चित्रांचा. मदतीला कुणी हवंय, असं दामिनीनं तिथं कधीचं लिहून ठेवलं होतं. त्यालाही बदाम आले होते.

अशात द्विजिल्हा सहकारी दूध महासंघानं कारभारी वापरायला घेतला. लातूर आणि नांदेड अशा दोन जिल्ह्यांचं दूध गोळा करणारी ही संस्था. लातूर, नांदेड, मुरूड, किल्लारी आणि मुखेड अशा पाच ठिकाणी तिची यंत्रं बसली. जे यंत्र कारभारी, ते टँकरला क्रमांक देणार. तो क्रमांक दाबल्याशिवाय टँकरचं झाकण उघडणार नाही, अशी कुलपंही आली. (याला पारदर्शकता म्हणतात. पूर्वी झाकण हातानं उघडत असे, तेव्हा ती नव्हती.)

उद्घाटन लातूरला झालं. अध्यक्ष भीमाशंकर मालक (त्यांना सगळे मालकच म्हणत, संस्था सहकारी असल्यामुळं) यांच्या दालनातल्या यंत्राला हार घातला, नारळ फुटला. मग मिहिर नावाच्या तरुणानं प्रात्यक्षिक दाखवलं. मिहिर नांदेडच्या कार्यालयात संगणक सांभाळायचा. हुशार होता, होतकरू होता, आणि अजून कायम नव्हता. त्यानं उत्साहाच्या भरात हार घातलेल्या यंत्राची वायर उपसली आणि भिंतीवरच्या पडद्याकडं बोट केलं.

"बघा, एक क्षणही काम थांबलं नाही!"

पडद्यावर लिहून आलं: कारभारी – मुखेड.

मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मुखेड तसंच होतं.

"कुणाला विचारून?"

"किल्लारीनं आणि मुरूडनं मत दिलं, मालक. नांदेडनं पण."

"म्हणजे आमच्या माघारी सभा झाली म्हणा की."

मिहिरनं घाईनं वायर जोडली, लातूर पुन्हा चालू झालं. पण कारभारी मुखेडच राहिला. ज्याचं चांगलं चाललंय त्याला उगाच हलवू नये, असं दामिनीनं त्यात लिहून ठेवलं होतं. व्यवहारात ही कल्पना कुणी वापरून पाहिलेली नसल्यामुळं तिचे परिणाम तिलाही माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी निरोप आला आणि दामिनी जीप पकडून लातूरला गेली. मालकांनी तिला आदरानं बसवलं, चहा मागवला, मुरूडच्या पोरीनं जगात नाव काढलं म्हणून तोंडभर कौतुक केलं. मग म्हणाले, "बाकी सगळं झ्याक हाय. फकस्त लातूर कायमचं कारभारी करा."

"मालक, लातूर बंद पडलं तर?"

"आमी काय मेलो का?"

"तेच तर विचारतंय ते घडीघडीला. ओ दिली की झालं."

"आमाला विचारायची कुणाची छाती न्हाई या दोन जिल्ह्यांत, आन् तुमचं यंत्र घडीघडीला विचारतंय, हाय का मेला! बिलकुल शोभत न्हाई."

"पाचातले तीन म्हणतील तो कारभारी, असा हिशोब आहे त्यात."

"तिघांनी काय म्हणायचं ते आधी ठरवावं लागतं, ताई," मालक समजुतीच्या सुरात म्हणाले. "त्याशिवाय का इतकी वर्षं बिनविरोध येतो मी?"

दामिनीनं नकार दिला. तिच्या नकारानं काही अडत नव्हतं. बदला, मोडा, असं तिनंच लिहून दिलेलं होतं. महासंघानं ठराव केला: 'मुख्यालयाचे यंत्र हे पदसिद्ध व कायमस्वरूपी कारभारी राहील. त्याने उत्तर न दिल्यास त्याचे मौन ही संमती समजावी व पुढील आदेशाची वाट पाहावी.' मिहिरनं मान खाली घालून महासंघाकडच्या प्रतीत तसा बदल केला. एका यंत्राला कायम करण्याचं काम एका हंगामी माणसाच्या हातून पार पडलं. त्याबद्दल त्याला पेढा मिळाला.

दामिनी परतीच्या जीपमध्ये खिडकीपाशी बसली. रागावावं तर कुणावर, हे तिला ठरवता येईना. रस्त्यात लागलेल्या प्रत्येक गावात चौकातल्या फ्लेक्सवर कुणी ना कुणी कायमचा हसत उभा होता.

वैशाखातल्या एका दुपारी लातूरला वावटळ आली. विजेचा खांब आडवा झाला आणि मालकांच्या दालनातलं यंत्र बंद पडलं. त्याच्या बॅटरीवर मध्यंतरी दालनातला पंखा जोडलेला होता, त्यामुळं ती आधीच दमलेली होती. बाकीच्या चौघांनी विचारलं, 'हाय का?' लातूर गप्प. ठरावाप्रमाणं चौघांनी ते मौन संमती म्हणून घेतलं आणि ते शिस्तीत वाट पाहत बसले. महासंघाच्या इतिहासात एवढी एकवाक्यता पूर्वी कधी झाली नव्हती.

मुरूडच्या संकलन केंद्रावर गुणाबाई होत्या. केंद्र त्याच सांभाळत. संध्याकाळ झाली तरी सकाळचं दूध थंड टाकीत काठोकाठ होतं, संध्याकाळचं कॅनमध्ये उतरत्या उन्हाच्या झळा सोसत होतं. टँकर दारात उभा होता, ड्रायव्हर उभा होता, झाकण बंद होतं. गुणाबाई तडक शिवप्पांच्या दुकानापुढं आल्या आणि रस्त्यावरूनच वर ओरडल्या.

"दामिने! तुजा कारभारी मेला का जित्ता हाय?"

दामिनी गॅलरीत आली. "तो माझा राहिला न्हाई मावशी. त्यांनी बदललाय त्याला."

"दुधाला कळतंय व्हय ते?"

जगभरातून तिला आजवर जितक्या तक्रारी आल्या होत्या, त्यांत ही सगळ्यात छोटी होती आणि तिच्यात एकही 'पण' नव्हता. ती तशीच चपला घालून केंद्रावर गेली आणि तिथून तिनं मिहिरला फोन लावला.

"मॅडम, तुमचा मूळ कारभारी माझ्याकडं जपून ठेवलाय," मिहिर म्हणाला. "परत बसवणं माझ्या हातात आहे. पण माझ्या हातात नाही."

"मालकांना विचारा."

"ते उदगीरला लग्नात आहेत. फोन उचलत नाहीत."

"लातूरचं यंत्र पण उचलत नाही."

"हो ना."

"मिहिरभाऊ, कारभाऱ्यानं ओ दिली नाही तर काय करायचं असतं?"

पलीकडून अगदी हळू आवाज आला. "दुसरा निवडायचा असतो. पण मॅडम, माझी नोकरी..."

गुणाबाईंनी फोन दामिनीच्या हातातून काढून घेतला. "सायेब, तुमी कोण हाव मला ठावं न्हाई. बायकांनी दूध माज्या हवाली केलं आन् त्या घरी गेल्या. उद्या सकाळी त्या माज्या तोंडाकडं बगत्याल. तुमच्या मालकाच्या न्हाई, तुमच्या बी न्हाई. मी काय सांगू त्यांला? मौन पाळू?"

"फोन मॅडमना द्या," मिहिर म्हणाला. "मॅडम, फोन ठेवू नका फक्त. मी करतोय."

दामिनीनं फोन ठेवला नाही. त्यानं एकेका यंत्रावरून बदललेली प्रत उतरवली, मूळची चढवली. ती एकेक पायरी सांगत राहिली. तिला माहीत होतं, त्याला पायऱ्या पाठ आहेत. तरी ती सांगत राहिली. चार यंत्रांनी एकमेकांना हाक मारली, चौघांनी ओ दिली आणि कारभारी ठरला: मुखेड. पुन्हा.

टँकरचं झाकण खटकन उघडलं. ड्रायव्हरनं आनंदानं हॉर्न वाजवला, तो गुणाबाईंच्या शिव्या खाईपर्यंत वाजवला.

किल्लारी आणि मुखेडचं दूध वाचलं. मुरूडचं टाकीतलं वाचलं. कॅनमधलं काही नासलं. शिवप्पांनी दुकान वेळेआधी बंद केलं (हयातीत तिसऱ्यांदा, आधी दोन्ही वेळा घरात मयत होती), मोठी कढई काढली आणि नासलेल्या दुधाचा कलाकंद करायला ते स्वतः चुलीपाशी बसले. ज्या बायकांचं दूध गेलं, त्यांच्या घरी तो गेला. त्यांनी तो खाल्ला आणि महासंघाला शिव्याही दिल्या. गोड तोंडानं शिव्या देता येतात, हे त्या दिवशी मुरूडात सिद्ध झालं.

चौकशी झाली. समितीचे निष्कर्ष असे. वावटळ ही नैसर्गिक आपत्ती होय. लातूरचे यंत्र अखेरपर्यंत पदावर ठाम राहिले, ही बाब अभिनंदनीय आहे. मुखेडने केलेले काम अध्यक्षांच्या तोंडी आदेशानेच झाले. आदेश देतेवेळी अध्यक्ष पंगतीत असल्याने तो कुणास ऐकू गेला नाही. फुकटच्या वस्तूवर इतके विसंबून राहणे योग्य नाही. सबब ती वापरणे चालू ठेवून तिच्याविषयी नाराजी कळवावी. मिहिरला एकाच लिफाफ्यात ताकीद आणि शाबासकी मिळाली. मूळ कारभारी मात्र तसाच राहिला. तो काढायला ठराव लागत होता, आणि मुखेडचं काम आदेशानंच झालं म्हटल्यावर तो परत बसवलाच नव्हता असं ठरल्यामुळं काढताही येईना. त्यामुळं महासंघाचं काम हल्ली सुरळीत चालतं.

नाराजीचं पत्र दामिनीनं वाचलं आणि पहिल्यांदाच तिला रडू आलं. मग तिनं तोंड धुतलं आणि उघड्यावरच्या त्या पानावर लिहिलं: 'हे काम मी एकटी करते आहे. मी दमले आहे. कुणी सोबत आलं नाही, तर मी थांबणार.'

जग हादरलं. बदामांचा पाऊस पडला. काळजी घ्या, पाणी भरपूर प्या, असे सल्ले आले. मुक्त सॉफ्टवेअर कसं टिकवावं यावर एकानं भला मोठा लेख लिहिला. एका कंपनीनं तिच्या थकव्याबद्दल तीव्र सहानुभूती कळवून पुढची आवृत्ती कधी येणार, ते विचारलं. शेवटी नांदेडहून एक ओळ आली: 'मॅडम, रविवारी मला वेळ असतो. मिहिर.'

आता ती दोघं आहेत. रविवारी तो नांदेडला बसतो, ती मुरूडला. भांडण झालं तर दोघांत बहुमत होत नाही, म्हणून तिसरी जागा ठेवली आहे. ती अजून रिकामी आहे. अनुभवाची अट नाही, शिकवायची तयारी आहे. इथवर वाचताना 'बिचारीच्या मदतीला कुणीतरी जायला पाहिजे' असं ज्यांना ज्यांना मनापासून वाटलं, त्यांची मतं मोजून झाली आहेत. वाचकहो, अभिनंदन. आपण प्रचंड बहुमतात आहात.