अर्ध्या मिनिटाचा भोंगा

टीव्हीवरचा बंद पडलेला कार्यक्रम पुन्हा उभा करायला काय लागतं? एक पुठ्ठ्याचं खोकं, एक टाय आणि माझ्यासारखा हुशार माणूस. टाय होता. खोकं कंपनीतून आणलं. हुशारीचा प्रश्नच नव्हता!

'अर्धं मिनिट' तुम्हाला आठवत असेल. टीव्ही काळापांढरा होता तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे तोही नव्हता. मी पुण्यात शेजाऱ्यांच्या खिडकीच्या गजांतून बघायचो. दोन स्पर्धक, समोर टाय लावलेले एक गृहस्थ. त्यांनी प्रश्न विचारला की ज्याला येतं तो बटण दाबायचा, कुर्रर्र आवाज व्हायचा आणि अर्ध्या मिनिटात उत्तर द्यायचं. शेवटी ते गृहस्थ जिंकणाऱ्याशी पाच मिनिटं गप्पा मारायचे. कुठले तुम्ही, घरी कोण कोण, जेवायला काय आवडतं. मला कार्यक्रमातला तेवढाच भाग आवडायचा.

१९९१ साली मी बोईसरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होतो आणि जवळच्या घिवली गावात राहीबाईंकडे मागच्या खोलीत राहत होतो. चौदा महिने झाले होते. या चौदा महिन्यांत गाव माझ्याशी जे काही बोललं ते सगळं इथे देतो. "पानी भरलं काय?" हे राहीबाईंचं. "सरका." हे उरलेल्या गावाचं. गाव वाईट नव्हतं. कंपनीची माणसं येतात आणि जातात, त्यांच्यावर तोंड कशाला झिजवा, असा साधा हिशेब. मी आरशाशी बोलायला लागलो होतो. पण तिकडूनही मोजकंच उत्तर यायचं.

तेव्हा ठरवलं, 'अर्धं मिनिट' घिवलीत करायचं. नवे प्रेक्षक, नवा सूत्रधार, आणि शेवटच्या गप्पा पाच मिनिटांऐवजी पंधरा.

भांगाचे दिवस निवडले. भांगात समुद्राला ओढ नसते, बोटी किनाऱ्यावर असतात आणि माणसं रिकामी. रविवारी चार वाजता देवळासमोर खोक्याला चौकोनी भोक पाडून मी आत तोंड घालून बसलो. शेजारी बक्षीस, लालभडक प्लास्टिकची बादली. बटणाच्या जागी आमच्या स्टोअरमधला हातानं फिरवायचा जुना भोंगा. स्पर्धकानं हात वर करायचा, दांडा मी फिरवायचा.

शंभरेक माणसं जमली. बादली खरंच फार लाल होती.

स्पर्धक दोन. बोटीचा मालक देवू, आणि बाजारात मासळी विकणारी त्याची चुलत बहीण जमना. देवूनं टीव्हीचं चारी बाजूंनी निरीक्षण केलं.

"आवाज कुठनं वाढवायचा?" म्हणाला, आणि खोक्याला बटण सापडेना तेव्हा त्यानं माझा कान पिळून बघितला.

मी कानासकट पहिला प्रश्न विचारला. "भारताचे पहिले राष्ट्रपती कोण?"

"हायत काय अजून?" जमना.

"नाहीत. वारले."

"मग कशाला उगाच त्यांना तरास देतो?"

गावानं मान डोलावली. मी घाईघाईनं दुसऱ्या प्रश्नाकडे वळलो. "भरती लागल्यावर साधारण किती तासांनी ओहोटी लागते?"

देवूचा हात वर गेला. मी दांडा फिरवला. भोंगा कित्येक वर्षांत वाजला नव्हता, त्यानं सगळी कसर भरून काढली. आवाज वर चढला, खाली आला, पुन्हा वर चढला.

"सहा," देवू म्हणाला आणि पळाला.

मला वाटलं, आनंदानं. मग जमना पळाली. तिचं तर उत्तरही नव्हतं. मग बायकांनी पोरं काखोटीला मारली, म्हाताऱ्यांनी काठ्या, आणि धाडधाड दारं लागली, खिडक्या लागल्या, फटींत ओली फडकी गेली. दीड मिनिटात देवळासमोर फक्त टीव्ही उरला. कुत्रीसुद्धा गेली. टाय लावून मी एकटाच खोक्यातून बाहेर बघत होतो.

मी देवूचं दार वाजवलं. "देवू, उत्तर बरोबर आहे."

"म्हाईत हाय. घरात जा."

"कुणाच्या?"

आत बराच वेळ विचार झाला. "तुझ्या."

माझ्या खोलीला वेगळं दार नव्हतं. वाट राहीबाईंच्या घरातून.

"मावशी, दार उघडा."

"नाय. अणुवीजकेंद्राची तालीम झाली तवा सायबानं सांगलंय. भोंगा वर-खाली वाजला का आत. सरळ, लांब वाजला का बाहेर. मधी कोनीबी सांगो, उघडायचं नाय."

तालमीच्या दिवशी मी कामावर होतो. नंतर मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण?

"मावशी, अहो तो भोंगा मीच वाजवला."

"सायब बोल्ला, असं सांगनारे पन येतील."

सरळ, लांब वाजवायला मी धावत परत गेलो. दांडा पहिल्याच फेऱ्यात हातात आला. तो घेऊन राहीबाईंच्या दाराशी आलो, बादली उपडी घातली आणि बसलो.

गाव एवढं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील.

"गेलास काय?" दारामागून आवाज आला.

"कुठं जाऊ?"

"नाव काय रे तुझं?"

"दिगंबर."

"लय लांब हाय. दिगू बोलीन. आई हाय?"

"आहे. पुण्याला."

"पत्र टाकतोस?"

"टाकतो. कमी."

"रोज रातचा भिंतीतून तुझा रेडिओ ऐकू येतो. बातम्या सरल्या तरी बंद नाय करीत. नुस्ती खरखर. आवडते ती?"

"सवय झालीय."

"मला पन झाली," राहीबाई म्हणाल्या. "तू गेल्या दिवाळीत गावाला गेल्तास, तर झोप नाय लागली."

मी दांडा या हातातून त्या हातात घेतला. पुढचा तासभर आम्ही बोललो. त्यांच्या सुनेचं माहेर, माझ्या भातात रोज जास्त होणारं पाणी, त्यांचा दुबईला गेलेला लेक. कुठले तुम्ही, घरी कोण कोण, सगळं झालं.

साडेपाचची एस.टी. आली. स्टँडवर चिटपाखरू नाही हे बघून ड्रायव्हर वैतागला आणि हॉर्नवर हात ठेवून बसला. सरळ. लांब.

दारं उघडली. राहीबाई समोर उभ्या. त्यांनी मला बघितलं, पदर सारखा केला आणि बाजूला झाल्या. मी आत गेलो. देवू येऊन बादली घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तेव्हा राहीबाई ओट्यावर सुके बोंबील निवडत बसल्या होत्या.

"मावशी, आज वारा आहे."

"हाय."

संपलं. मी पायरीवर बसून बुटाची नाडी सोडायला लागलो, सोडता येईल तितकी हळू. राहीबाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा बोंबलांकडे बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. मग उठल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. कडीसुद्धा.

मी एक बूट हातात घेऊन बसून राहिलो.

"दिगू," आतून आवाज आला, "जेवलास काय?"

"नाही अजून." माझा स्टोव्ह आत होता, तांदूळ आत होते.

"मग सांग, काल कुठवर आल्तो आपन?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तासभर घराबाहेर असायचो. रात्रीचं जेवण फार उशिरा व्हायचं. पण दार वाजवून ते उघडायला मात्र मी एकदाही सांगितलं नाही.