शिवरामदादांचा मुक्काम

आमच्या शेजारचे शिवरामदादा घरी आलेल्या माणसाला आधी अंगणातल्या तंबूत बसवतात आणि वरून बादलीभर पाणी ओततात. चहा नंतर. गळलं नाही, तर "काय बिशाद पाण्याची!" म्हणून मांडीवर थाप मारतात. गळलं, तर दोष पाहुण्याचा. "तुम्हीच वर डोकं लावलं असंल!"

आमच्या मोखाड्यात त्यांच्याइतका बोलका माणूस नाही आणि त्यांच्याइतका एकटाही नाही. बायको गेली, मुलगी नाशिकला. जन्मभर त्यांनी मुक्कामाची एसटी चालवली. संध्याकाळी गाडी लांबच्या पाड्यावर न्यायची, रात्री गाडीतच झोपायचं, सकाळी पहिल्या फेरीला निघायचं. ड्रायव्हर एका बाकावर, कंडक्टर समोरच्या. झोप लागेपर्यंत गप्पा. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी मोटार घेतली आणि जावयाकडून हा तंबू मागवला. चार माणसांचा!

"दादा, एकट्याला एवढा कशाला?" मी विचारलं.

"गुर्जी, एकट्याचा मुक्काम म्हंजी काय मुक्काम हाय?"

झालं, लागले माझ्या मागे. सूर्यमाळच्या डोंगरावर जाऊ, तंबू ठोकू, एक मुक्काम करू. स्वतःचं धड घर सोडून चिखलात झोपायला मला काय वेड लागलंय? बायको म्हणाली, "जा खुशाल. पण सर्दी झाली तर तिकडेच राहा." शेवटी दादांनीच अट घातली. तंबू गळला तर लगेच माघारी, नाही गळला तर सकाळपर्यंत थांबायचं. सूर्यमाळचा श्रावण मला ठाऊक आहे. मी हसत हसत कबूल झालो.

दुपारी पोचलो. दादांनी तंबू झकास उभा केला. मग डिकी उघडून पळसाची पानं आणि भाताचा पेंढा बाहेर काढला. अंगणातल्या गळतीवर त्यांनी उपाय शोधला होता म्हणे. तंबूवर पानं, पानांवर पेंढा, त्यावर तंबूसोबत आलेलं पावसाचं कापड, आणि सगळं दोरीने करकचून आवळलेलं. अहो, आमच्याकडे झोपडी शाकारतात तसा या माणसाने तंबू शाकारला! दांड्या वाकल्या आणि तंबू थकलेल्या म्हशीसारखा खाली बसला. पहिली सर आली तशी आत जागोजाग टिपटिप सुरू झाली.

"चला माघारी," मी म्हटलं. चेष्टेतच म्हटलं. पण दादांचा चेहरा असा उतरला, की मला कसंतरीच झालं.

"एक डाव परत लावू द्या, गुर्जी."

मग मी तंबूच्या पिशवीवरची चित्रं नीट पाहिली. वरचं कापड तंबूला टेकवायचंच नव्हतं. मधे हात जाईल एवढी जागा सोडून ते चारी बाजूंनी ताणायचं होतं. दादा भडकले. "छपरात फट? असं घर बांधतं का कोणी?" मी पेंढा उपसून बाहेर टाकत होतो, ते पुटपुटत गोळा करत होते. पण दोऱ्या ताणायला आले, आणि आपल्या हाताने खुंट्या ठोकल्या.

पुन्हा आत बसलो. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. एरवी तोंडाला खळ नसलेला हा माणूस छताकडे डोळे लावून बसला होता. बराच वेळ काही झालं नाही. मग कोपऱ्यातल्या शिवणीतून एक थेंब जमला आणि त्यांच्या खांद्याशेजारी पडला. पाठोपाठ दुसरा. दादांनी चोरट्या नजरेने माझ्याकडे पाहिलं, हळूच सरकून बरोबर त्या शिवणीखाली बसले आणि टॉवेल खांद्यावर ओढून घेतला. थेंब टॉवेलात जिरायला लागले.

"कोरडा हाय ना, गुर्जी?" आवाज अगदी बारीक.

एका थेंबासाठी सगळ्या मोखाड्याशी भांडणारा माणूस हा! माझ्या बाजूची चटई तर केव्हाच भिजली होती, पायजमा पाठीमागून ओला गच्च.

"खडखडीत," मी म्हटलं. "माझं अंथरूण कुठं घालायचं ते सांगा."

तोंड फिरवून दादांनी माझी वळकटी सोडायला घेतली.